कॅल्मोड्युलिनचं सिम्युलेशन: एम.एस्सी. प्रोजेक्टचा माझा अनुभव

शुद्ध प्रोटीन विकत घ्यायचं म्हटलं तर आमच्यासारख्या कॉलेजात अख्ख्या प्रोजेक्टचे पैसे एका छोट्या कुपीत संपतात. म्हणून शेवटच्या वर्षी मी कंप्युटरवर सिम्युलेशनने, म्हणजे प्रोटीनचे अणू कसे हलतात ते पायरीपायरीने गणिताने काढून, होणारा विषय घेतला: मज्जापेशीतल्या प्रोटीनला कॅल्शियम चिकटलं की त्याचा आकार आणि लवचिकता कशी बदलते. कॉलेज सांगलीत, मी तासगावहून एसटीने ये-जा करणारी. सॉफ्टवेअरच्या पायऱ्या कुठेही मिळतात, पण घोडं अडतं भलतीकडेच. ते कुठे अडतं तेवढंच इथे लिहिते.

पहिल्यांदा अडलं ते प्रोटीन निवडताना. माझ्या डोक्यात सिनॅप्टोटॅग्मिन होतं. मज्जापेशीच्या टोकाशी कॅल्शियम आत आलं की रसायनाच्या पिशव्या फुटायचा इशारा तेच देतं. थॉमस सुडहोफ यांना 2013 चं नोबेल मिळालं त्या कामात त्याचा मोठा वाटा आहे. पण ते काम करतं पेशीपटलाला टेकून, म्हणजे सिम्युलेशनमध्ये पटलसुद्धा घालावं लागणार. प्रोजेक्टच्या मॅडमनी सरळ सांगितलं, "आपल्या मशीनवर हे ओढणार नाही गं." मग डोळ्याच्या पडद्यातलं रिकव्हरिन पाहिलं. कॅल्शियम नसताना ते आपली चरबीची शेपटी पोटात लपवतं, कॅल्शियम बसलं की बाहेर काढतं. भारीच प्रकार, पण त्या शेपटीचे पॅरामीटर, म्हणजे तिच्या अणूंमधल्या ओढाताणीचे आकडे, वेगळे जुळवायला लागतात. शेवटी कॅल्मोड्युलिनवर गाडी थांबली. 148 अमिनो आम्लं, दोन टोकांना दोन लोब (गोळे), मध्ये एक दांडा, आणि प्रत्येक लोबमध्ये कॅल्शियमच्या दोन जागा. मेंदूत ते भरपूर असतं आणि शिकण्या-लक्षात ठेवण्याशी जोडलेल्या कॅमकायनेज-2 या एन्झाइमला तेच जागं करतं.

घरी विषय सांगितला तर आण्णा म्हणाले, "आपण बागेला कॅल्शियम सोडतो, मणी टणक व्हायला. तसंच का ते?" द्राक्षवाल्याचा प्रश्न, पण नेमका. मीही तेव्हा मनात तसंच धरून चालले होते. वाचत गेले तसं कळलं की मज्जापेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या एन-कॅडहेरिनला आण्णांचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं: त्याच्या पेशीबाहेरच्या दोन-दोन तुकड्यांच्या सांध्यात तीन कॅल्शियम बसतात आणि साखळी ताठ होते, काढले की लुळी पडते. कॅल्मोड्युलिनचं तसं सरळ नाही.

स्ट्रक्चर फाईल प्रोटीन डेटा बँकेतून फुकट मिळतात. कॅल्शियमसह असलेली 1सीएलएल नावाची फाईल घेतली, ती क्रिस्टलवर क्ष-किरण टाकून काढलेली. कॅल्शियमशिवाय 1सीएफडी, ती एनएमआरची, म्हणजे पाण्यातल्या प्रोटीनचा आकार चुंबकीय क्षेत्रात मोजून काढलेली. सिनियर दादाचा सल्ला होता की 1सीएलएलमधले चार कॅल्शियम उडव, उघडे लोब आपोआप मिटतील. हा शॉर्टकट कुणीही घेऊ नये. कॅल्शियमने उघडलेला लोब मिटायला लागणारा वेळ आपल्या रनच्या, म्हणजे सिम्युलेशन जेवढ्या काळाचं चालवतो त्याच्या, कितीतरी पट असतो, त्यामुळे कॅल्शियम काढूनही प्रोटीन उघडंच बसून राहतं आणि आपण त्यालाच 'कॅल्शियमविना आकार' म्हणून मोकळे होतो. दोन फाईल घ्यायच्या, आणि दोन्हींची टोकं सारखी छाटायची, कारण क्रिस्टलमध्ये टोकाची काही अमिनो आम्लं दिसतच नाहीत.

कॅल्शियमची जागा मी स्क्रीनवर मोठी करून बराच वेळ बघत बसायचे. कॅल्शियम बसतं तो साखळीचा वळसा म्हणजे लूप. पहिल्या लूपमध्ये 20, 22 आणि 24 क्रमांकाचे ॲस्पार्टेट (हे, थ्रिओनिन आणि ग्लुटामेट ही अमिनो आम्लंच) प्रत्येकी एक ऑक्सिजन पुढे करतात. 26 व्या थ्रिओनिनचा ऑक्सिजन मुख्य साखळीतला. 28 व्याच्या बाजूने मध्ये पाण्याचा एक रेणू. आणि 31 वा ग्लुटामेट दोन्ही ऑक्सिजन देतो. झाले कॅल्शियमला धरणारे सात ऑक्सिजन. हा शेवटचा ग्लुटामेट कॅल्शियमकडे ओढला जातो, त्याच्यासोबत पुढची हेलिक्स (स्प्रिंगसारखी वळलेली साखळी) सरकते आणि लोब उघडतो. फाईल साफ करताना ते पाणी सरसकट डिलीट करू नका. कॅल्शियमला धरलेले रेणू ठेवा.

ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढचं काम यंत्रवत आहे. फक्त तीन गोष्टी. 1सीएलएल सुमारे 65 अँगस्ट्रॉम लांब आहे आणि पाण्यात ते फिरतं, म्हणून ज्या पाण्याच्या डब्यात ते ठेवतो तो प्रोटीनच्या आकाराला बेतून अरुंद केला तर ते स्वतःच्याच प्रतिमेला जाऊन टेकतं, कारण सॉफ्टवेअर तोच डबा चहूबाजूंनी पुन्हा पुन्हा मांडतं. विद्युतभार शून्य करताना कॅल्शियम नसलेल्या बाजूला सोडियमचे 8 आयन जास्त लागतात. आकडा तसा आला नाही तर छाटणी तपासा. आणि साध्या फोर्सफील्डमध्ये (अणूंमधल्या ओढाताणीच्या नियमांच्या संचात) कॅल्शियम म्हणजे दोन धनभारांचा नुसता गोळा, तो खऱ्यापेक्षा घट्ट चिकटतो. म्हणून कॅल्शियम किती घट्ट बसतं यावर रिपोर्टमध्ये एक ओळही लिहायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं.

दोन फेम्टोसेकंदांची एक पायरी धरली तर 100 नॅनोसेकंदांना 5 कोटी पायऱ्या होतात. वळवाच्या दिवसांत लाईट जायची. ग्रोमॅक्स दर पंधरा मिनिटांनी चेकपॉइंट लिहून ठेवतं, तिथून रन पुढे चालू करता येतो, नाहीतर हा प्रोजेक्ट सांगलीत झालाच नसता.

खरी मेख लवचिकता मोजण्यात होती. आरएमएसएफ, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्ल आपल्या सरासरी जागेभोवती किती हलतं तो आकडा, काढताना सगळं प्रोटीन एकावर एक बसवलं की दांडा वाकल्यामुळे दोन्ही लोब इकडे-तिकडे झुलतात, आणि आलेखात सगळंच हलताना दिसतं. त्यावरून कॅल्शियमने प्रोटीन सैल होतं असं कुणीही म्हणेल. प्रत्येक लोब वेगळा बसवून पुन्हा मोजलं तेव्हा चित्र पालटलं. कॅल्शियम असताना चारही लूप शांत. कॅल्शियमविना दुसरा लोब सगळ्यात अस्वस्थ. प्रयोगांतूनही तोच जास्त ढिला दिसलेला आहे. मधल्या दांड्याची गोष्ट तिसरीच. क्रिस्टलमध्ये तो सरळसोट हेलिक्स दिसतो, पुस्तकातही तेच चित्र छापतात. माझ्या रनमध्ये तो 78 ते 81 क्रमांकाच्या अमिनो आम्लांच्या आसपास मोडत होता. मला वाटलं रन बिघडला, पण 1992 मध्येच एनएमआरने नेमका तोच भाग पाण्यात लवचिक असल्याचं दाखवलं होतं. पुस्तकातल्या त्या चित्रावर मी अजून खूश नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलंच, "मग कडक झालं का सैल?" मी म्हटलं, सर, लूप कडक, लोब उघडा, दांडा सैल, आणि तिन्ही लागतात. लोब उघडल्यावर आतले तेलकट मेथिओनिन (हीसुद्धा अमिनो आम्लंच) बाहेर येतात, प्रत्येक लोबमध्ये चार-चार, आणि तेच समोरच्या प्रोटीनला धरतात. दांडा ताठ असता तर दोन्ही लोबना एकाच पेप्टाइडला (प्रोटीनच्या छोट्या तुकड्याला) दोन्हीकडून वेढताच आलं नसतं. सरांनी मान डोलावली आणि पुढचं काम सुचवलं: 1सीडीएम, म्हणजे कॅमकायनेज-2 च्या तुकड्याला मिठी मारलेलं कॅल्मोड्युलिन.

ते आता ज्युनियर करतेय. तिला माझ्यापेक्षा सोपं जाईल: प्रोटीन गोळा झालेलं असल्यामुळे डबा लहान, पाणी कमी, आणि त्याच मशीनवर रन बराच लवकर संपतो.