एक प्रिंटर, पाच कामं : नोंद 4

कागदावरचे खेळ पुरे, या वेळी घरातली खरी रांग घेतली. शुक्रवारी रात्री 10 ला थ्रीडी प्रिंटर सुरू. एकूण 22 तासांची पाच कामं, मुदती 10 वाजल्यापासून मोजलेल्या तासांत:

दिव्याची शेड: पांढरी, 9 तास, मुदत 10
कुंडीचा ट्रे: पांढरा, 4 तास, मुदत 14
हेडफोनचा स्टँड: काळा, 6 तास, मुदत 20
की-चेन: लाल, 2 तास, मुदत 23
मिक्सरचं बटण: काळं, 1 तास, मुदत 24

शेडची मुदत म्हणजे शनिवारी सकाळचे 8. वहिनी ती घेऊन गाडी पकडणार होती.

मला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या. एक, प्रत्येक काम कितव्या तासाला हातात येतं त्यांची बेरीज कमीत कमी. दोन, सर्वात मोठा उशीर कमीत कमी. छोटं काम आधी घेतलं की बेरीज 46 येते, त्याखाली जाणं शक्यच नाही. पण शेड 12 तास उशिरा, म्हणजे वहिनीची गाडी कधीच गेलेली. मुदतीच्या क्रमाने लावलं तर उशीर शून्य, बेरीज मात्र 84. इथवर मला हा क्रम अगदीच बावळट वाटत होता.

कारण कामांची रांग लावण्याच्या गणितातली स्मिथची 1956 ची युक्ती हाताशी होती. रांग शेवटाकडून भरायची: ज्यांना शेवटी टाकलं तरी मुदत पाळली जाते, त्यातलं सर्वात लांब काम शेवटी, मग उरलेल्यांवर तेच पुन्हा. 22 व्या तासाला संपलं तरी चालेल अशी दोनच, की-चेन आणि बटण. की-चेन लांब, ती शेवटी. असं मागे मागे येत क्रम निघाला: बटण, शेड, ट्रे, स्टँड, की-चेन. उशीर शून्य आणि बेरीज 67. नुसतं बटण सगळ्यात पुढे आणून 17 वाचले!

सगळ्या मुदती थोड्या थोड्या सैल करत तीच युक्ती पुन्हा चालवली (व्हॅन वॉसेनहोव आणि गेल्डर्स, 1980). पाच कामांच्या एकूण 120 क्रमांमधून परेटो बिंदू, म्हणजे एक गोष्ट सुधारायची तर दुसरी बिघडतेच असे पर्याय, चारच उरले. उशीर 0, बेरीज 67; उशीर 2, बेरीज 54; मग 6 ला 49 आणि 12 ला 46. दुसऱ्याचा मोह खूप झाला, पण त्यात तीन कामं प्रत्येकी दोन तास उशिरा, आणि रात्री 1 ला उठून प्रिंटरचा रंगीत प्लास्टिक तारेचा रोल बदलायचा. झोप हे तिसरं उद्दिष्ट मी मॉडेलमध्ये घातलंच नव्हतं.

मागच्या नोंदीत मी दोन्ही गोष्टींचा ‘बेरीज अधिक वजन गुणिले उशीर’ असा एकच आकडा करून तो कमीत कमी करत होतो, तो प्रकार मी सोडून दिलाय. इथे वजन 2 ठेवा की 6, क्रम तोच येतो. 1 केलं की वेगळाच. आकडा आपणच ठोकून द्यायचा आणि उत्तर गणिताने दिलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

तर 67 वाला क्रम लावला. 11 ला बटण निघालं, काळा रोल काढून पांढरा घातला, नोझलमधून काळपट तार ओघळत राहिली. पांढरी दिसली तेव्हा घड्याळात 14 मिनिटं गेली होती. स्मिथच्या क्रमात शेड, ट्रे आणि स्टँड तिघंही अगदी मुदतीच्या काठावर, एक मिनिटाचीही सवड नाही! शेड 8:14 ला निघाली. वहिनीने ती दिव्यासमोर धरली आणि तळाशी एक राखाडी रेघ उजळली. “भाऊजी, ही रेघ डिझाइनमधलीच का?” मी हो म्हटलं. गाडी मिळाली तिला, धावत.

रविवारी रंगबदल घड्याळ लावून मोजले. काळ्यावरून पांढरा 14 मिनिटं, पांढऱ्यावरून काळा 6, काळ्यावरून लाल 10. फिक्यावरून गडदकडे जाणं स्वस्त, उलट महाग. हा तक्ता घालून 120 क्रम पुन्हा चालवले (पहिला रोल आधीच लावलेला धरून). एकही काम न चुकवणारे दोनच क्रम उरले, दोन्हींची सुरुवात शेड, ट्रे, स्टँड. त्यातला बरा म्हणजे पुढे बटण, मग की-चेन. बेरीज साधारण 83.5. दुसरा म्हणजे तोच, मुदतीच्या क्रमाचा, ज्याला मी वर बावळट म्हटलंय.

पुढच्या नोंदीत झोप मॉडेलमध्ये घालतो: रात्री 12 ते 6 रोल बदलणं बंद.