शरणपूरची माणसं मोंबासात

नाशिकमध्ये शरणपूर रोडवरून माझी रोजची ये-जा. पण हे शरणपूर कोणाकोणाचं घर होतं, ते कळायला मला मोंबासाला जावं लागलं.

आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही नऊजण मिशन ट्रिपला केनियात गेलो होतो. मुलांसाठी चित्रं, वह्या, शिवणाचं सामान, सगळं बांधून नेलं होतं. पाचव्या दिवशी न्याली पुलापलीकडे, फ्रियर टाउनमध्ये एका आजींकडे चहाला बसलो. मी नाशिकची म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. त्यांचे खापरपणजोबा नाशिकला शिकले होते!

मग माझ्याच गावाचा इतिहास मी त्यांच्या तोंडून ऐकला. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदल गुलामांची गलबतं पकडायचं. सुटलेल्या आफ्रिकी मुलांपैकी काहींना मुंबईहून शरणपूरला पाठवत. तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये वारले, तेव्हा त्यांचा देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तोही नाशिकलाच शिकलेला. 1875 च्या सुमारास सुटलेल्या गुलामांसाठी फ्रियर टाउन वसवणारे मिशनरी विल्यम प्राइस आधी शरणपूरलाच होते. म्हणजे नाशिकहून सुवार्ता इथे दीडशे वर्षांपूर्वीच पोचली होती, आणि ती आणणारी आफ्रिकेचीच लेकरं होती. आणलेल्या सामानाची पिशवी मी हळूच पायाशी सरकवली. त्या दिवशी नुसतं ऐकायचं ठरवलं.

उठताना माझ्या हातून कप निसटला. आजी चटकन म्हणाल्या, "पोले." म्हणजे, वाईट वाटलं. सांडला मी, आणि वाईट यांना का वाटावं? पण स्वाहिलीत हा शब्द चूक कोणाची ते पाहत नाही. समोरच्याला ठेच लागली, ताप आला, नुसता उशीर झाला तरी "पोले". आपण "असू दे, होतं असं" म्हणून विषय मिटवतो. हा शब्द तुमच्याजवळ येऊन बसतो. मला तो फार आवडला.

निरोप घेताना आजींनी विचारलं, "शरणपूर आता कसं दिसतं?" मला धड सांगता येईना. परतल्यावर पहिल्याच रविवारी, उपासनेनंतर तिथले फोटो काढून पाठवले. संध्याकाळी त्यांच्या नातीचं उत्तर आलं. आजी विचारताहेत, यातली मुलं राहायची ती जागा कोणती?

आता मंडळीतल्या एकेका म्हाताऱ्या माणसाकडे जाऊन बसते आहे.