आरटीई प्रवेश 2024 : लेकीची अ‍ॅडमिशन आणि पडताळणीचं ते टेबल

दोन वर्षं होत आली तरी ते कागदपत्रं पडताळणीचं टेबल आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितेय, यंदा कोणी आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के मोफत जागांचा, फॉर्म भरणार असेल तर उपयोग होईल.

आम्ही पुण्याजवळ भाड्याच्या खोलीत राहतो, मी घरी शिवणकाम करते, यांची रिक्षा आहे. 2024 ला लेक पहिलीत जाणार होती. उत्पन्न लाखाच्या आत, तहसीलदारांचा दाखला आधीच काढून ठेवलेला. एप्रिलमध्ये फॉर्म भरायला बसलो तर यादीत जवळची एकही इंग्रजी शाळा नाही, सगळ्या सरकारी आणि अनुदानितच! मग कळलं की 9 फेब्रुवारीला सरकारने नियम बदललाय, 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला 25 टक्के जागा द्यायची सक्तीच नाही. शहरात अशी कुठली शाळा असेल सांगा, जिच्या 1 किलोमीटरमध्ये मनपाची शाळा नाही?

पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या आणि 6 मे ला स्थगिती आली. मग सगळ्यांना फॉर्म नव्याने भरावा लागला, आधीचा धरलाच नाही. 7 जूनला सोडत निघाली पण निकाल कोर्टात अडकलेला. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, चाळीतली बाकीची पोरं दप्तर घेऊन जायची आणि माझी लेक दारात उभी राहून बघायची. रोज एकच प्रश्न, आई माझी शाळा कधी? शेवटी 19 जुलैला हायकोर्टाने तो नियमच रद्द केला. त्या दिवशी मी मशीन बंद करून रडले, खरं सांगते. 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21-क आलं, 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, हे सगळं मला त्या दोन महिन्यांत पाठ झालं.

लगेच सोडतीचा निकाल आला, नाव लागलं होतं. (मेसेज मला आलाच नाही, पोर्टलवर अर्जाची स्थिती टाकून बघितली म्हणून कळलं, तुम्हीपण मेसेजवर अवलंबून राहू नका.)

आता खरी कटकट. पडताळणीला गेले तर टेबलावरच्या मॅडमनी आधार कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, पत्ता गावचा आहे, चालणार नाही. मी म्हटलं मॅडम, रजिस्टर्ड भाडेकरार दिलाय ना. तर म्हणे आधार बदलून आणा. आधार बदलायला किती दिवस लागतील, आणि प्रवेशाची मुदत तर चारच दिवसांवर! दुसऱ्या दिवशी गेले, मॅडम मीटिंगला, दुपारी तीनपर्यंत बाकड्यावर बसून परत आले, एका दिवसाचं काम बुडालं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या करार नोटरीचा वाटतो. वाटतो म्हणजे काय, मी दुसऱ्या पानावरचा दुय्यम निबंधकांचा शिक्का आणि दस्त क्रमांक बोट ठेवून दाखवला, तरी त्यांनी पेन्सिलने गोल केला आणि फाईल बाजूला ठेवली.

त्या रात्री दिरांनी कागदपत्रांची अधिकृत यादी प्रिंट काढून आणली. त्यात स्पष्ट होतं, बाकी पुरावा नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला भाडेकरार चालतो. चौथ्या दिवशी ती यादी पुढे ठेवली आणि शांतपणे म्हटलं, मॅडम, नाकारताय तर कारण लेखी द्या, सही-शिक्क्यासकट. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग आतल्या सरांनी फाईल मागितली, करार उलटून बघितला आणि लगेच मंजूर! चार दिवस अडवलेलं काम एका वाक्यात झालं, म्हणून सांगते, भांडू नका, लेखी मागा.

करार कधीचा आहे हे आधी बघा, फॉर्म भरायच्या आधीचा पाहिजे, नंतर केलेला धरत नाहीत. नोटरीवाला तर अजिबात नको, हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. उत्पन्नाची अट फक्त आर्थिक दुर्बल घटकाला आहे, वंचित घटकातून (अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे) भरत असाल तर जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही, आमच्या शेजारच्या ताईंनी उगाच तहसीलमध्ये तीन चकरा मारल्या. फॉर्ममध्ये नकाशावर घराची खूण अगदी नीट लावा, अंतर त्यावरूनच मोजतात.

प्रवेशाच्या दिवशी शाळेतल्या बाईंनी लेकीला नाव विचारलं, तिने आडनावासकट मोठ्याने सांगितलं. आता ती तिसरीत जाईल, आठवीपर्यंत फी नाही.