ला रोक-गाजाकचे गावठाण

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, पेरिगोर प्रांतात, दोर्दोन्य नदीच्या उजव्या काठावर ला रोक-गाजाक नावाचे एक लहानसे गाव आहे. सहल व्यवस्थापक म्हणून मराठी मंडळींना घेऊन मी तिथे अनेकदा गेले आहे, आणि दर वेळी त्या गावाची माहिती सांगताना एक वाक्य मी जाणूनबुजून गाळत आले. जानेवारी 1957 मध्ये गावामागच्या कड्याचा मोठा भाग सुटून घरांवर कोसळला आणि तीन माणसे दगावली, हे ते वाक्य. पदरचे पैसे खर्चून, आयुष्यात एकदाच एवढ्या लांब आलेल्या माणसांना दरडीची गोष्ट कशाला ऐकवायची, असा माझा साधा हिशेब होता. गेल्या जूनमध्ये एका निवृत्त तलाठ्यांनी तो चुकवला.

सोळा जणांचा गट होता आणि मुक्काम जवळच्या सार्ला गावात. आदल्या दिवशी, बुधवारी, सार्लाचा आठवडी बाजार झाला होता, त्यामुळे प्रत्येकाच्या पिशवीत पेरिगोरचे अक्रोड होते. बदकाच्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या या प्रांतात गटातल्या नऊ शाकाहाऱ्यांचा सगळा भार त्या अक्रोडांवर, चीजवर आणि घरून आणलेल्या मेतकुटावर होता. त्या दिवसाचा बेत नेहमीचा होता: सकाळी गाबारमधून नदीची फेरी, मग ज्यांना जमेल त्यांच्यासाठी कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, आणि दुपारी मार्केसाकची बाग.

गाबार म्हणजे सपाट तळाची लाकडी नाव. आज ती पर्यटकांना पाऊण-एक तास कास्तेलनोच्या दिशेने फिरवून आणते, पण रेल्वे येण्यापूर्वी या नदीवरची सारी मालवाहतूक अशाच नावांतून होत असे. वरच्या डोंगराळ भागातून ओक आणि चेस्टनटचे लाकूड भरून नावा प्रवाहाबरोबर खाली बोर्दोच्या बाजूला येत. ते लाकूड दारूची पिंपे आणि द्राक्षमळ्यांतले खुंट यांच्यासाठी लागे. प्रवाहाविरुद्ध एवढे अंतर नाव ओढत नेणे परवडत नसे, म्हणून वरून आलेल्या पुष्कळ नावा खालीच मोडून त्यांचेही लाकूड विकून टाकत आणि नावाडी पायी घरी परतत. हा भाग मी नेहमी रंगवून सांगते, कारण तिथे आमची मंडळी हमखास हळहळतात.

त्या सकाळी नाव गावासमोर आली तेव्हा नावाड्याने हात वर करून कड्याकडे दाखवले आणि तो बराच वेळ बोलत राहिला. मी त्याचा मराठी अनुवाद दोन वाक्यांत उरकला आणि नावेजवळ पोहणाऱ्या बदकांकडे सर्वांचे लक्ष वेधले. भाऊसाहेब मात्र बदकांकडे न बघता वर बघत होते, हे मी पाहिले होते. आंबेगाव तालुक्यात तलाठी म्हणून नोकरी केलेल्या या गृहस्थांना अख्खा गट पहिल्या दिवसापासून भाऊसाहेबच म्हणत होता, त्यांच्या पत्नीसुद्धा.

कनूच्या ठेक्यावर नेहमीचा पेच उभा राहिला. फ्रान्समध्ये भाड्याने कनू घेणाऱ्याला किमान 25 मीटर पोहता यावे लागते आणि तिथले लोक या बाबतीत भिडस्तपणा करत नाहीत. सोळांपैकी सात जण पुढे आले. त्यात सांगलीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. लहानपणी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकल्याचे त्यांनी त्या ठेकेवाल्या मुलाला मराठीत आणि हातवाऱ्यांनी इतके सविस्तर सांगितले की त्याने घाईघाईने त्यांना लाइफ जॅकेट देऊन टाकले. भाऊसाहेब घोड नदीत पोहत वाढलेले. त्यांच्या पत्नीला पोहता येत नव्हते, म्हणून दोन माणसांच्या कनूत भाऊसाहेबांच्या मागे मी बसले. त्यांच्या पत्नीसह उरलेल्या नऊ जणांना गाडीने पुढच्या बेनाक गावाला पाठवले.

सेनाकपासून बेनाकपर्यंत नऊ-दहा किलोमीटरचा हा प्रवाह उन्हाळ्यात संथ असतो. वल्हे नुसते धरून ठेवले तरी होडी पुढे जाते, फक्त गोट्यांच्या उथळ पट्ट्यांवर ती बुडाशी करकरते. पहिल्या वळणानंतर ला रोक-गाजाक समोर आले. नदी, नदीला लागून एकच रस्ता, रस्त्याला लागून पिवळसर दगडाची घरे, आणि त्या घरांच्या पाठीला चिकटून सरळ उभा चुनखडीचा कडा. कड्याच्या पोटातल्या कपारीत बाराव्या शतकातला किल्ला आहे. खालून पाहिले तर भिंतीत खणलेल्या देवळीसारखा दिसतो. भाऊसाहेबांनी वल्हे आडवे ठेवले.

"ताई, सकाळपासून विचारीन म्हणतोय. ही दरड कधी आली?"

मी विचारले, तुम्हाला कसे कळले? त्यांनी वल्ह्यानेच दाखवले. जुना कडा पावसापाण्याने काळवंडलेला आहे, मध्येच एक मोठा पट्टा फिकट आहे, आणि बरोबर त्याच्या खालची काही घरे इतरांइतकी जुनी नाहीत. "आणि तो नावाडी वर हात करून बोलत होता, तेव्हा तुम्ही बदकं दाखवलीत," असेही ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, पण मला ओशाळल्यासारखे झाले.

आम्ही समोरच्या गोट्यांच्या काठावर होडी लावली आणि मी त्यांना सगळे सांगितले: 1957 ची दरड, चुराडा झालेली घरे, दगडमातीने बंद झालेला रस्ता, आणि 2010 मध्ये पुन्हा खडक सुटल्यामुळे बराच काळ बंद ठेवावा लागलेला तो कपारीतला किल्ला. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मग अक्रोड फोडत त्यांनी स्वतःचे सांगितले. 30 जुलै 2014 रोजी माळीणवर डोंगर आला तेव्हा ते शेजारच्या तलाठी सजाला होते. गाव जागेवर नसल्याचे सकाळी एसटीच्या चालकाने पाहिले आणि बाहेर कळवले, हे आपण सर्वांनी वाचले आहे. भाऊसाहेब त्यानंतर चिखलात उभे राहून पंचनामे लिहीत होते. दीडशेहून अधिक माणसे गेली. "आमच्याकडे पावसानं डोंगराचा चिखल झाला आणि तो वाहत आला. इथे शिळा सुटलेली दिसते. पण मला एक सांगा, हे गावठाण पुन्हा इथंच कसं बसवलं? आम्ही आमड्याला नवीन गाव वसवलं."

या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, कारण गाळलेल्या वाक्याच्या पुढचेच वाक्य मी दर वेळी मोठ्या हौसेने सांगत असे. कडा दक्षिणेकडे तोंड करून उभा आहे. तो उत्तरेचा गार वारा अडवतो आणि दिवसभराचे ऊन साठवून ठेवतो. त्यामुळे फ्रान्सच्या या भागात एरवी सहसा न दिसणारी केळी, ताड आणि बांबू या गावात उघड्यावर वाढतात. समोर नदी, तिच्यावरून चालणारा व्यापार. सार्लाच्या बिशपांनीही राहण्यासाठी हीच जागा निवडली होती. इटलीत गॅलिलिओला भेटून आलेले धर्मगुरू आणि खगोल-अभ्यासक झां तार्द इथलेच. हे सारे मी पाठ म्हणावे तसे बोलून गेले. भाऊसाहेब म्हणाले, "जागा बघितल्याशिवाय कसं कळणार?"

पुढचा प्रवास मला फारसा आठवत नाही. डाव्या हाताला कास्तेलनोचा किल्ला, पुढे उजवीकडे बेनाकचा. 1337 पासून 1453 पर्यंत चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात एक बहुतेक काळ इंग्रजांकडे, दुसरा फ्रेंचांकडे, मध्ये ही नदी. एरवी इथे मी घसा फोडून बोलते.

बेनाकला गाडीपाशी आल्यावर मी गटापुढे प्रस्ताव ठेवला की मार्केसाक सोडून ला रोक-गाजाकला परत जाऊन गाव पायी पाहू या. कारणही सांगितले. बहुतेकांनी मान डोलावली. दोघांनी स्पष्ट नापसंती दाखवली, आणि त्यांचे चुकीचे नव्हते. दीड लाख बॉक्सवूडच्या झुडपांची ती छाटलेली बाग सहलपत्रिकेत छापलेली होती आणि त्यांनी तिचे पैसे भरले होते. निर्णय माझा होता. तो नियमात बसत नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होते.

गावातला चढ तीव्र आहे आणि गल्ल्या हातभर रुंद. खडकावर बसवलेल्या छोट्या चर्चपाशी पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. स्त्रियांनी केळीला घड लागला आहे का याचा कसून शोध घेतला. भाऊसाहेब कड्याला टेकलेल्या एका भिंतीशी गेले आणि त्यांनी तळहात दगडावर ठेवला. मीही ठेवला. ऊन त्या भिंतीवरून कधीच सरकले होते, तरी दगड नुकत्याच उतरवलेल्या तव्याच्या कडेसारखा कोमट होता. ते बराच वेळ हात तसाच ठेवून वर बघत राहिले. शेजारच्या दारात कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एका वृद्ध बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांची नजर जिथे लागली होती तिथे एकदा स्वतःही पाहिले, आणि पुन्हा कुंड्यांकडे वळल्या.

"आमच्याकडे परत बसवायला खाली जागाच उरली नव्हती," भाऊसाहेब उतरताना एवढेच म्हणाले.

शेवटच्या दिवशी मी अभिप्रायाचे कागद गोळा केले. दोन कागदांवर मार्केसाक दाखवले नाही अशी रीतसर तक्रार होती. ती मी जशीच्या तशी कार्यालयात दिली आणि तिथे मला त्याबद्दल उत्तर द्यावे लागले. भाऊसाहेबांच्या कागदावर 'सर्वांत आवडलेले ठिकाण' या रकान्यात तलाठ्याच्या वळणदार अक्षरात गावाची चतुःसीमा लिहिलेली होती: पूर्वेस विट्राककडून येणारा रस्ता, पश्चिमेस बेनाककडे जाणारा रस्ता, दक्षिणेस दोर्दोन्य नदी, उत्तरेस कडा. त्याखाली, वेगळ्या ओळीत: मयत तीन, सन 1957.