घरीच तर बसायचं असतं, मग एवढा थाट कशाला?

निवृत्त होऊन सात वर्षं झाली. तरी सकाळी साडेसातला मी दाढी-अंघोळ उरकून, खळ दिलेला पांढरा सदरा आणि इस्त्रीची पँट घालून तयार असतो. शेजारी विचारतात, भाचे विचारतात, परवा दूध टाकणारा मुलगाही विचारून गेला, "काका, कुठं निघालात?" कुठंच नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. घरीच बसायचंय, तर एवढा थाट कुणाला दाखवायला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ही सवय मला दोन माणसांनी लावली. एक माझे वडील. दुसरा जॉर्ज ब्रमेल, लंडनचा, १७७८ सालचा जन्म. डँडी म्हटलं की आपल्याकडे नटवा, छानछोकी करणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. ज्याच्यावरून तो शब्द जगभर गाजला, तो ब्रमेल नेमका उलटा होता.

त्याचे वडील पंतप्रधान लॉर्ड नॉर्थचे खासगी सचिव. घर खाऊनपिऊन सुखी, पण खानदानी सरदार नव्हेत. त्याच्या लहानपणी बड्या घरच्या पुरुषांचा पोशाख म्हणजे रेशीम, जर, लेस, केसांना पावडर आणि अत्तराचा घमघमाट. ब्रमेलनं यातलं काहीच ठेवलं नाही. गडद निळा कोट, फिकट बदामी वेस्टकोट, पांढरंशुभ्र लिनन, बस्स. अत्तर नको, पण रोज अंघोळ हवी. तेव्हाच्या लंडनमध्ये हेच मोठं नवल होतं. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे राजा झालेला चौथा जॉर्ज, त्याला कपडे घालताना बघायला सकाळी त्याच्या घरी येऊन बसायचा.

बघण्यासारखं होतं ते गळपट्टीचं काम. गळ्याभोवती गुंडाळायचं ते कापड तोवर मऊ असायचं, थोड्या वेळात लोळागोळा व्हायचं. ब्रमेलनं त्याला हलकी खळ द्यायला लावली. गुंडाळलेली पट्टी चांगली फूटभर उंच व्हायची. मग आरशापुढे उभं राहून हनुवटी छताकडे करायची आणि अगदी सावकाश खाली आणायची, म्हणजे जबड्याच्या दाबानं चुण्या जिथल्या तिथं बसतात. पहिल्या फटक्यात जमलं तर जमलं. नाही तर ती पट्टी टाकायची आणि नवी घ्यायची. चुरगळलेलं कापड पुन्हा सरळ करत बसायचं नाही. एकदा त्याचा नोकर हात भरून चुरगळलेल्या पट्ट्या घेऊन जिना उतरत होता. कुणी तरी विचारलं, हे काय? तो म्हणाला, या आमच्या फसलेल्या.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचं मागचं अंगण आठवलं. आई भाताची पेज फडक्यातून गाळून घ्यायची, कारण एक कण राहिला तरी कापडावर डाग धरतो. त्या पाण्यात निळीचे दोन थेंब. वडिलांचं धोतर त्यात बुडवून, हलकं पिळून दोरीवर. पुरतं वाळायच्या आत काढायचं, पाण्याचा हबका मारून घट्ट गुंडाळी करून ठेवायचं, आणि तासाभरानं कोळशाची इस्त्री. वडील शाळामास्तर. धोतरं दोन आणि सदरेही दोनच. पण निऱ्या अशा पडायच्या की चालताना त्यांचा आवाज यायचा.

फ्रेंच कवी बोदलेरनं १८६३ साली डँडीवर लिहिलं, की कपड्यांचा सोस म्हणजे डँडीपण नव्हे, कपडे ही फक्त मनाच्या खानदानीपणाची खूण आहे. पहिला भाग मला शंभर टक्के मान्य. दुसऱ्यात आपण इतरांपेक्षा वरचे असं जे येतं, ते मात्र मी घेत नाही. वडिलांना कधी कुणाच्या मळक्या कपड्यांकडे बघतानाही मी पाहिलं नाही. त्यापेक्षा आफ्रिकेतल्या काँगोमधले, ब्राझाव्हिल शहराच्या बाकोंगो वस्तीतले सापर, म्हणजे झोकदार कपड्यांचे शौकीन, मला जवळचे वाटतात. आठवडाभर टॅक्सी चालवायची, गॅरेजात राबायचं, आणि रविवारी सूट चढवून रस्त्यावर निघायचं. अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नाहीत, हा त्यांचा नियम.

ब्रमेलचं एक मला कधीच पटलं नाही, ते म्हणजे उधारी. जुगार आणि कर्ज यांपायी १८१६ साली तो रातोरात इंग्लंडातून फ्रान्समधल्या कॅलेला पळाला आणि जन्मात परत आला नाही. मागे ज्यांचे पैसे बुडाले त्यांचं काय झालं असेल, हा विचार मी करतोच. पुढे कर्जापायी तुरुंग झाला, डोकं फिरलं, कपड्यांची शुद्ध राहिली नाही. फ्रान्समधल्या काँ गावी एका हॉटेलच्या खोलीत तो मेणबत्त्या लावून, पत्त्यांचं टेबल मांडून बसायचा. नोकर दार उघडून मोठमोठ्या पाहुण्यांची नावं पुकारायचा, आणि ब्रमेल उठून रिकाम्या दाराला वाकून नमस्कार करायचा. त्यातली डचेस ऑफ डेव्हनशर मरूनही कित्येक वर्षं झाली होती. १८४० साली तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात तो गेला.

ते दार मला फार दिवस छळत होतं. बघणारे गेल्यावर हाती काय उरतं, हाच तर तुमचाही प्रश्न आहे.

वडील निवृत्त झाल्यावर मीही त्यांना हेच विचारलं होतं. ते ओटीवर बसले होते, खळीचं धोतर, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. येणारं-जाणारं कुणी नव्हतं. म्हणाले, "अरे, दिवस उजाडलाय ना?" आणि पेपर वाचू लागले.

खर्चाचं विचाराल तर चार सुती सदरे, दोन पँटी. खळ रविवारी घरीच करतो, पेजेचीच. कॉलर घासली की शिंप्याकडून उलटवून घेतो. तो सगळी शिवण उसवतो, कॉलर फिरवतो आणि जुन्याच भोकांतून परत टाके घालतो. आत्ता अंगावर आहे त्या सदऱ्याची कॉलर मार्चमध्ये उलटवलेली आहे.