डेव्ह किटचे एफसीसी कागद वाचताना: माझा अनुभव
गेमिंग कन्सोलच्या डेव्हलपमेंट किटमध्ये (गेम बनवणाऱ्यांना दिलं जाणारं खास यंत्र) वाय-फाय आणि ब्लूटूथचा रेडिओ असला की अमेरिकेत एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामक संस्थेची, मंजुरी लागते, आणि तिथे बरंच काही उघडं पडतं. सोनीच्या पीएस४चं (प्लेस्टेशन ४) डीयूएच-डी१००० मालिकेतलं किट जुलै २०१३मध्ये असंच समोर आलं. कन्सोल अमेरिकेत विक्रीला आला १५ नोव्हेंबरला.

हे कागद एफसीसीच्या संकेतस्थळावर शोधताना एफसीसी आयडीचे, म्हणजे मंजूर उपकरणाच्या ओळख क्रमांकाचे, दोन भाग वेगवेगळ्या रकान्यांत भरायचे. पहिला भाग कंपनीचा: निंटेंडोचा बीकेई, मायक्रोसॉफ्टचा सी३के. तो अक्षराने सुरू होत असेल तर तीन अक्षरी, आकड्याने असेल तर पाच. उरलेला भाग वस्तूचा. त्यात आडवी रेघ असेल तर तीही टाइप करावी लागते. ती गाळली तर शोध रिकामा येऊ शकतो. शून्य आणि ‘ओ’ यांचीही खात्री करून घ्या.

सर्किटची आकृती आणि ब्लॉक डायग्राम शोधत बसू नका, कंपनीच्या विनंतीवरून ते बहुधा कायमचे गोपनीय असतात. फोटो आणि मॅन्युअल कंपनीने मागितलं तर जास्तीत जास्त १८० दिवस झाकून ठेवता येतं. म्हणून मी थेट चाचणी अहवाल उघडतो.

त्या किटच्या कागदांत ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि कमाल क्लॉक २.७५ गिगाहर्ट्झ असे आकडे होते. २.७५ हा प्रोसेसरचा वेग, असा अर्थ लगेच काढला गेला. पण हा रकाना प्रोसेसरसाठी नसतोच. उपकरणात कुठेही चालणारी सर्वांत मोठी वारंवारता तिथे लिहितात, कारण रेडिओ गळती कुठपर्यंत मोजायची ते त्यावर ठरतं. ती १ गिगाहर्ट्झच्या वर गेली की पाचपटीपर्यंत मोजायचं, म्हणजे इथे १३.७५ गिगाहर्ट्झ. आता पीएस४ची जाहीर झालेली मेमरी बघा: २५६ बिट (म्हणजे ३२ बाइट) रुंदीची बस, म्हणजे डेटाची वाट, आणि वेग सेकंदाला १७६ जीबी. १७६ला ३२ बाइटने भागलं की दर पिनमागे सेकंदाला ५.५ गिगाबिट येतात, आणि जीडीडीआर५चा (पीएस४मधल्या मेमरीचा प्रकार) डेटा क्लॉक त्याच्या निम्मा, बरोबर २.७५ गिगाहर्ट्झ. माझ्या मते आकडा मेमरीचाच. प्रोसेसर १.६ गिगाहर्ट्झचा निघाला.

रेडिओचं त्यापेक्षा सोपं. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ दिसलं की ब्लूटूथ, २४१२ ते २४६२ म्हणजे वाय-फाय. ५१८०पासूनचे चॅनल कुठेच नसतील तर ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय नाही. पहिल्या पीएस४मध्ये ते नव्हतंच.

आतले फोटो खुले झाले की मेमरी चिपवरचा पार्ट नंबर वाचून क्षमता काढायची आणि चिपच्या संख्येने गुणायची. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो तपासा. बाजारात आलेल्या पहिल्या पीएस४मध्ये ५१२ एमबीच्या १६ चिप होत्या, प्रत्येक बाजूला आठ. एकच बाजू मोजली तर ८ जीबीऐवजी ४ हाती येतात.