रिबेटवर टॅक्स लागतो, डीलरच्या सुटीवर नाही : कॅलिफोर्नियात गाडी घेतानाचा माझा अनुभव

गाडी कोणती घेतली, रंग कोणता, टेस्ट ड्राइव्ह कशी झाली, कर्ज कुठून काढलं, हे सगळं मी सांगत बसणार नाही. त्यात काही अडलंच नाही. अडलं ते सगळ्यात शेवटी, फायनान्स ऑफिसच्या त्या छोट्या खोलीत, कॉन्ट्रॅक्टच्या एका ओळीवर. त्याचा राग अजून गेलेला नाही. इथे नवी गाडी घेणाऱ्या आपल्या लोकांना ती ओळ सहीच्या आधी दिसावी म्हणून हे लिहितेय.

आधी आकडे सांगते, म्हणजे पुढचं समजेल. गोष्ट २०२४ मधली. आम्ही फ्रीमॉन्टला राहतो, डीलर पलीकडच्या सांता क्लारा काउंटीतला. गाडीच्या स्टिकरवर किंमत ४२,००० डॉलर. ईमेलवर भरपूर घासाघीस करून डीलरकडून २,५०० डॉलरची सूट मी कबूल करून घेतली होती. शिवाय गाडी बनवणाऱ्या कंपनीचा १,५०० डॉलरचा रिबेट त्या वेळी चालू होता. म्हणजे ४,००० डॉलर कमी. आपल्याला वाटतं, चार हजार कमी झाले, ३८,००० उरले, आता टॅक्स ३८,००० वर. तसं होत नाही. आणि डीलरने मला जो कागद दाखवला, तसंही व्हायला नको होतं.

नियम असा आहे. डीलर स्वतःच्या नफ्यातून किंमत उतरवतो तेव्हा गाडीची विक्री किंमतच उतरते आणि सेल्स टॅक्स त्या उतरलेल्या किमतीवर लागतो. कंपनीच्या रिबेटचं तसं नाही. रिबेट कंपनी ग्राहकाला देते. डीलरच्या हातात पूर्ण पैसे पडतात, थोडे आपल्याकडून आणि थोडे कंपनीकडून. त्यामुळे कॅलिफोर्नियाचं कर खातं, ज्याला इथे सगळे सीडीटीएफए म्हणतात, ते म्हणतं की विक्री पूर्ण किमतीला झाली, टॅक्सही पूर्ण किमतीवर भरा. रिबेटचा चेक तुम्ही घरी न्या किंवा तिथेच डाउन पेमेंटमध्ये लावा, टॅक्समध्ये एका सेंटचा फरक पडत नाही.

म्हणजे माझ्या बाबतीत ४२,००० मधून डीलरचे २,५०० आधी वजा. राहिले ३९,५००. त्यात डीलरची कागदपत्रांची फी ८५ डॉलर, तिच्यावरही टॅक्स असतो. झाले ३९,५८५. फ्रीमॉन्टचा दर १०.२५ टक्के, म्हणून टॅक्स ४,०५७ डॉलर ४६ सेंट. मग शेवटी कंपनीचे १,५०० वजा. हा हिशोब मी घरून वहीत लिहून नेला होता, आणि नेला ते फार बरं झालं.

फायनान्स ऑफिसमध्ये आमचा नंबर लागेपर्यंत रविवारची संध्याकाळ झाली होती. आधी एक्स्टेंडेड वॉरंटी, मग रंगावरचं कोटिंग, मग चाकांचा विमा, एकेक पान पुढे सरकवून झालं. सगळ्याला नको म्हटलं. मग कॉन्ट्रॅक्ट आलं. हे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे टेबलाच्या कडेवरून खाली लोंबेल इतका लांब कागद, बारीक अक्षरातल्या चौकटी आणि त्यात प्रिंटरने ठोकलेले फिकट आकडे. मॅनेजर कागदावर तळवा ठेवून फक्त हप्त्याचा आकडा दाखवत होता आणि पेन माझ्याकडे करत होता. मी कागद माझ्याकडे ओढला.

सगळ्यात वर, गाडीच्या रोख किमतीच्या ओळीत ४२,०००. खाली डाउन पेमेंटच्या भागात, कंपनीच्या रिबेटच्या ओळीत ४,०००. डीलरची सूट कुठेच नाही. ती त्यांनी रिबेटमध्ये मिसळून टाकली होती. त्यामुळे टॅक्स लागला होता ४२,०८५ वर, ४,३१३ डॉलर ७१ सेंट. सरळ २५६ डॉलर २५ सेंट जास्त.

मी म्हटलं, ‘यातले अडीच हजार तुमची सूट आहे. ती वरच्या ओळीतून वजा व्हायला हवी.’

तो म्हणाला, ‘मॅडम, कॅलिफोर्नियात रिबेटवर टॅक्स लागतोच. राज्याचा नियम आहे, माझ्या हातात नाही.’

इथेच माझं डोकं तापलं. कारण नियम त्याने बरोबर सांगितला होता, पण चुकीच्या पैशांना लावला होता. आणि समोरचा माणूस राज्याचा नियम म्हणतो, कंप्युटरकडे बोट दाखवतो, तेव्हा दहातले नऊ लोक गप्प बसून सही करतात. मी वही पुढे केली आणि डीलरचा ईमेल फोनवर काढून दाखवला. त्यात ‘डीलर डिस्काउंट २,५००’ आणि ‘कंपनीचा रिबेट १,५००’ असं वेगवेगळं लिहिलेलं होतं. हा ईमेल नसता तर माझ्या हातात काही नव्हतं. म्हणून सांगते, भाव ठरवताना फोनवर कितीही गोड बोलणं झालं तरी सूट किती आणि रिबेट किती हे लेखी, दोन वेगळ्या ओळींत मागून घ्या. ‘एकूण चार हजार ऑफ’ असं कुणी लिहिलं तर तिथल्या तिथे फोड करून मागा.

ईमेल पाहिल्यावर त्याने दुसरा मुद्दा काढला. म्हणे, ‘ते अडीच हजारही आम्हाला कंपनीच देते.’ हा मुद्दा ऐकून कुणीही गोंधळेल, म्हणून थोडं थांबून सांगते. कंपन्या डीलरलाही गाड्या खपवण्यासाठी पैसे देतात. त्यातले ग्राहकाला द्यायलाच हवेत अशी कंपनीची अट असेल, तर तेही रिबेटसारखेच धरले जातात आणि टॅक्स लागतो. अट नसेल, डीलरने ते पैसे ठेवायचे की त्यातून किंमत कमी करायची हे त्याच्या मर्जीवर असेल, तर त्याने उतरवलेली किंमत ही त्याची स्वतःचीच सूट. तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘मग या गाडीवर कंपनीच्या ग्राहकांसाठीच्या ऑफर्सचा कागद दाखवा. त्यात अडीच हजारांची ऑफर कुठे आहे?’ प्रत्येक रिबेटला कंपनीचा एक प्रोग्राम नंबर असतो आणि डीलरकडे तो छापील असतो. त्याने कागद आणला. त्यावर माझ्या गाडीपुढे एकच ऑफर होती, १,५०० ची.

एवढं झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. मिटला नाही. तो ‘सेल्स मॅनेजरशी बोलून येतो’ म्हणून गेला आणि मी त्या खोलीत बसून राहिले. काचेतून बाहेर दिसत होतं, दोघं उभे राहून कॉफी पीत होते. घरून नवऱ्याचा फोन आला. ‘अगं, अडीचशे डॉलरसाठी किती वेळ घालवतेस? कर सही आणि ये.’ पोरगा त्याच्याजवळ जेवायला थांबला होता, त्यामुळे त्याची घाई मला समजत होती. पण मी नाही म्हटलं. एकतर ते २५६ डॉलर कर्जात जाणार, त्यावर वर्षानुवर्षं व्याज. दुसरं म्हणजे डीएमव्हीची, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याची, व्हेइकल लायसन्स फी गाडीच्या खरेदी किमतीच्या ०.६५ टक्के असते आणि पुढे दरवर्षी कमी होत जाते तरी सुरुवात त्या पहिल्या किमतीपासूनच होते. कॉन्ट्रॅक्टवर किंमत फुगलेली राहिली तर ती फीसुद्धा फुगते. आणि तिसरं, सगळ्यात खरं कारण : जे पैसे द्यायचेच नाहीत ते मी का द्यायचे?

मॅनेजर परत आला तो फ्लोअर मॅट्स आणि दोन फुकट ऑइल चेंज घेऊन. म्हणजे कबूल तर केलं, पण कागद बदलायचा नाही. मी नको म्हटलं. मग म्हणाला, कॉन्ट्रॅक्ट बँकेकडे गेलंय, आता बदलता येत नाही. सहीच झाली नव्हती, तर बँकेकडे काय गेलं? शेवटी खरं कारण बाहेर आलं. रविवारी त्यांचं अकाउंटिंग बंद असतं आणि सेल्सच्या सिस्टीममध्ये ही चार हजारांची नोंद जशी बसवली होती ती उलगडायची कुणाची तयारी नव्हती. ‘आज सही करा, फरक आम्ही नंतर चेकने देतो,’ हाही पर्याय आला, आणि तोही तोंडी. मी किल्ली टेबलावर ठेवली, आमची जुनी गाडी घेतली आणि घरी आले. नवी गाडी त्यांच्याच आवारात.

सोमवारी सकाळी मी सेल्सला फोन केलाच नाही. थेट डीलरशिपचं अकाउंटिंग मागितलं. फोनवर आलेल्या बाईंनी डील नंबर विचारला, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, ‘हो, हे चुकीच्या ओळीत गेलंय.’ झालं! आदल्या संध्याकाळभर ज्याला राज्याचा नियम म्हणत होते ते एवढंच होतं. त्या बाईंना कारणही पटकन कळलं, कारण कॅलिफोर्नियात सेल्स टॅक्स कायद्याने डीलरवर असतो, तो आपल्याकडून वसूल करतो इतकंच. जास्त वसूल केला तर तो डीलरला ठेवता येत नाही, ग्राहकाला परत करावा लागतो नाहीतर राज्याला भरावा लागतो. म्हणजे त्यांना यात दमडीचा फायदा नव्हता. नुसता आळस, आणि त्याचे पैसे मी भरायचे.

नवं कॉन्ट्रॅक्ट संध्याकाळी तयार होतं. रोख किंमत ३९,५००, टॅक्स ४,०५७.४६, रिबेटच्या ओळीत १,५००. वहीतल्या आकड्याशी सेंटपर्यंत जुळलं. तेव्हा मला जो आनंद झाला तो गाडीच्या किल्लीपेक्षा मोठा होता, आणि ते लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

आता राहिलेल्या गोष्टी, आठवतील तशा.

एडिसनला राहणारा माझा मावसभाऊ म्हणाला होता, ‘ताई, जुनी गाडी डीलरला दे, तेवढ्यावरचा टॅक्स वाचतो.’ त्याचं न्यू जर्सीपुरतं बरोबर आहे. तिथे ट्रेड-इनची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर ६.६२५ टक्के घेतात. कॅलिफोर्नियात ट्रेड-इन वजा होत नाही, टॅक्स पूर्ण किमतीवरच. आमच्या जुन्या गाडीचे डीलर ९,००० देत होता, तेवढ्यावरचा टॅक्स ९२२ डॉलर ५० सेंट होतो आणि तो आम्हाला भरावाच लागला. म्हणून इथे ट्रेड-इनचा टॅक्समध्ये काही लाभ नाही, जुनी गाडी जिथे जास्त पैसे देतील तिथे खुशाल विका. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा हिशोब आपल्याकडे लावू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. भारतातलाही नको. तिथे इन्व्हॉइसवर दाखवलेली सूट वजा करून जीएसटी लागतो, त्यामुळे घरच्यांना फोनवर इथली ही रिबेटची भानगड समजावताना माझी दमछाक झाली.

दर कुठला लागतो, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडी जिथे विकत घेतली तिथला नाही, जिथे रजिस्टर होणार तिथला. आम्ही घेतली तेव्हा डीलरच्या गावात ९.१२५ टक्के होते, पण पत्ता फ्रीमॉन्टचा म्हणून आम्हाला १०.२५ टक्केच. टॅक्स वाचेल म्हणून दुसऱ्या काउंटीत जाण्यात अर्थ नाही. तुमच्या पत्त्याचा दर सीडीटीएफएच्या साइटवर पत्ता टाकून बघता येतो. दर बदलत असतात, घ्यायच्या आठवड्यात बघा.

इथे इलेक्ट्रिक गाड्यांवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचं ७,५०० डॉलरचं क्रेडिट, म्हणजे करसवलत, होतं आणि २०२४ पासून ते डीलरकडेच जागेवर वजा होत असे. तेव्हाही टॅक्स पूर्ण किमतीवरच होता, कारण ते पैसे डीलरला सरकारकडून मिळायचे. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ते क्रेडिट नाही, पण जुन्या कॉन्ट्रॅक्टवर टॅक्स जास्त का दिसतो असं कुणाला वाटत असेल तर कारण हे.

आणि ज्यांची सही आधीच होऊन गेली आहे त्यांनी कॉन्ट्रॅक्ट काढून वरची रोख किंमत आणि खालची रिबेटची ओळ बघावी. रिबेटच्या ओळीतला आकडा कंपनीच्या ऑफरपेक्षा मोठा असेल, तर डीलरची सूट तिथे शिरली आहे. सीडीटीएफए हे पैसे ग्राहकाला थेट देत नाही, ते डीलरकडूनच मागावे लागतात. डीलरच्या अकाउंटिंगला ईमेल करा, भाव ठरल्याचा ईमेल आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत जोडा, फरकाचा आकडा स्वतः काढून लिहा. सेल्समनला फोन करण्यात वेळ घालवू नका.